माझ्या केसपेपरवरचा एक शब्द

हे मी सूड म्हणून लिहिते आहे. माझी मुलगी म्हणाली, आई, लिही, वाचून कुणाला तरी उपयोग होईल. होऊ दे की, माझी काय हरकत आहे? पण उपयोगासाठी लिहिलं असं मी म्हणाले तर ते खोटं होईल, आणि खोटं मला बोलता येत नाही. प्रयत्न करूनही येत नाही. म्हणून आधीच सांगून टाकलं.

मी टोकावड्याची. माळशेजच्या रस्त्यावर एसटी थांब्याच्या मागे आमचं घर आणि पडवीत माझं शिवणाचं मशीन. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं मी ब्लाऊज शिवते. तोंडं माझ्या लक्षात राहत नाहीत, पण मापं राहतात. कुणी बाई समोर येऊन हसली की मी गोंधळते, आणि टेप तिच्या पाठीवर लावला की ही कोण, कुठल्या वाडीची, मागच्या दिवाळीला काय शिवून नेलं, सगळं आठवतं.

गावात माझ्याबद्दल बोलतात की हात चांगला, डोकं जरा तसंच. ‘तसंच’ म्हणजे कसं ते कुणी सांगितलं नाही. लग्नात मी जेवत नाही, बँडच्या आवाजाने मला मळमळतं. न सांगता खांद्यावर हात ठेवला तर माझ्या अंगावर काटा येतो. चहा घेणार का विचारलं आणि नको असला तर मी नको म्हणते, पुन्हा आग्रह केला तरी नकोच म्हणते. एवढ्यावर बाईला शिष्ट ठरवायला लोकांना वेळ लागत नाही.

सहन होतंय का

गणपतीच्या आधी आमच्याकडे शिवणाचा ढीग असतो. त्या ढिगात बसलेली असताना उजव्या बरगडीखाली पहिली कळ आली. तिथून मागे पाठीत गेली, खांद्याच्या हाडापर्यंत. मग रोज यायला लागली, जेवल्यावर अर्ध्या तासाने. चार दिवस काढले. पाचव्या दिवशी पाय मशीनवर ठेववेना, तेव्हा मुरबाडला जायचं ठरलं. आमचे हे मुरबाड-कल्याण जीप चालवतात, सणाच्या दिवसांत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. म्हणून माझ्याबरोबर माझी मोठी जाऊ आली.

मुरबाडच्या त्या खासगी दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. मुलीने बजावलंय. बाहेर बसायच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावलेला, ट्यूबलाईट गुणगुणत होती, शेजारचा माणूस मोबाईलवर काहीतरी बघून खिदळत होता, आणि सगळीकडे फिनेलचा वास. दोन तासांनी माझा नंबर आला. तोवर पोटापेक्षा डोकंच जास्त फुटायला आलं होतं. अशा वेळी मी गप्प होते. चेहरा लाकडासारखा होतो, असं माझी मुलगी म्हणते.

डॉक्टरांनी विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय. मी विचारलं, दहा म्हणजे काय? मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. बाळंतपण दहा, की विंचू चावला तर दहा, की अजून काही? टेप कुठून सुरू होतो ते कळल्याशिवाय मी माप कसं सांगणार? ते माझ्याकडे न बघता जावेकडे बघून हसले.

मग त्यांनी न सांगता पोटावर हात दाबला. लहानपणी कुणी हात लावला की मी किंचाळायचे, आणि किंचाळले की आईचा मार खायचे. असं करत करत मी एक युक्ती शिकले. हात लागला की आत निघून जायचं, हू की चू करायचं नाही. त्या दिवशीही मी तेच केलं. डॉक्टरांना वाटलं, दाबल्यावर हिला काही होत नाही.

“सहन होतंय का?” त्यांनी विचारलं.

“होतंय,” मी म्हणाले.

आता सांगा, यात चूक काय होती? मी स्टुलावर बसलेली होते, शुद्धीवर होते. म्हणजे सहन होतच होतं. सहन झालं नसतं तर मी काय केलं असतं? मेले असते. मला पुढे कळलं की या प्रश्नाचा अर्थ ‘फार दुखतंय का’ असा असतो आणि त्याला ‘नाही हो, अजिबात सहन होत नाही’ म्हणत कळवळून उत्तर द्यायचं असतं. मग तसं विचारावं की! मराठीत दुखण्याला इतके शब्द आहेत, त्यांतला एक वापरायला यांना काय झालं होतं?

तेवढ्यात जाऊबाई माझ्या वतीने बोलायला लागल्या. आमच्याकडे पद्धतच आहे, आजारी माणूस एक आणि बोलणार दुसरं. त्या म्हणाल्या, “तिचं तसंच हाय, डॉक्टर. भांडं पडलं तरी हिला चालत नाय. जाम मनाला लावून घेते.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि केसपेपरवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. पित्ताची गोळी दिली, झोपेची दिली, आणि जावेला सांगितलं की यांना जरा मोकळं बोलू देत जा. पाच मिनिटांत माझं दुखणं मला धड सांगू न देता हे सांगितलं.

फाईल आधी, मी नंतर

तीन दिवसांनी परत गेले, तेव्हा हे बरोबर होते. पुन्हा तेच डॉक्टर, त्याच गोळ्या, फक्त झोपेची जरा जास्त ताकदीची. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अंगात ताप होता. मोठे डॉक्टर नव्हते, एक तरुण डॉक्टर होता. आत गेले तेव्हा तो चांगला बोलला. मग त्याने फाईल उघडली, पहिल्या पानावर बघितलं, आणि मान वर केली ती वेगळीच. तोंडं मला वाचता येत नाहीत, पण आवाज येतो. आवाज एकदम लाडीक झाला. “मावशी, घरी सगळं ठीक आहे ना?”

मी म्हणाले, घर ठीक आहे, पोट ठीक नाही. तो हसला. एक इंजेक्शन मारलं आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काज करत बसले होते. हे जीप काढायला निघाले आणि पडवीत थबकले. अगो, डोळं पिवळं झालंत तुझं, म्हणाले. मी म्हणाले, असतील. ते बाहेर गेले, जीपमध्ये बसलेल्या सगळ्या पॅसेंजरांना खाली उतरवलं आणि मला मागच्या सीटवर आडवं घालून थेट कल्याणला नेलं. पस्तीस वर्षांच्या संसारात यांनी मला कधी फूल आणून दिलं नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याच दिवशी ऑपरेशन झालं. खड्यांमुळे पित्ताशय पिकून फुटलं होतं, पोटात पू पसरला होता. तिथल्या सर्जनबाई दुसऱ्या दिवशी कॉटपाशी आल्या आणि म्हणाल्या, “इतके दिवस हे सहन कसं केलंत हो तुम्ही?”

मी म्हणाले, “मुरबाडला मला विचारलं होतं, सहन होतंय का. मी होतंय म्हणाले.”

मग त्यांनी मुरबाडची फाईल मागून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली.

वॉर्ड

अकरा दिवस राहिले. आजारापेक्षा वॉर्डने जास्त छळलं. दिवे कधी बंद होत नाहीत. ट्रॉलीचं एक चाक करकरत असतं. कोणीही येऊन कुठेही हात लावतं, चादर ओढतं, नळी हलवतं. अंगातल्या हिरव्या झग्याला मानेपाशी नायलॉनचं लेबल होतं, ते दिवसभर टोचायचं. टाक्यांपेक्षा ते लेबल जास्त दुखतं असं सांगितलं तर पुन्हा डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील, म्हणून मी बोलले नाही. नुसती मान वाकडी करून पडून राहायचे.

एक सिस्टर मात्र देवाने पाठवलेली. डोळखांबकडच्या पाड्यावरची होती, पंचविशीची असेल. ती आकडे विचारायची नाही. ती विचारायची, “ठणका हाय का कळ येते? का नुसती आग होते?” काय बरं वाटलं मला! टाक्यांपाशी आग, पोटात खोल ठणका, कूस बदलली की चमक, आणि खांद्यात मुंग्या. मी धडाधड सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं आणि डॉक्टरांना वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी तिने माझी वाकडी मान बघितली, झग्याचं लेबल बघितलं आणि खिशातली कात्री काढून ते उसवून टाकलं. तेव्हापासून प्रत्येक वेळी ती आधी सांगायची, आता हात लावते हां आजी. एवढंच करायचं असतं. याला कुठली डिग्री लागते?

जाऊबाई शहाळं घेऊन भेटायला आल्या आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की मी तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगत होते, हिला मोठंच काहीतरी झालंय. मी ऐकून घेतलं. घरी आल्यापासून मी त्यांचा एकही ब्लाऊज शिवलेला नाही. त्या मुरबाडला जाऊन शिवून आणतात, आणि काखेत चुण्या पडतात. हळदीकुंकवाला त्या हात वर करतात तेव्हा मला त्या लांबून दिसतात. फार बरं वाटतं.

यांच्याशीही माझं वाजलं. एकदा जेवताना म्हणाले, तू ओरडायला पायजे होतंस गो, ओरडली असतीस तर त्यांना कळलं असतं. मी ताटावरून उठले. मी काय करायला हवं होतं हे सगळ्यांना माहीत. त्या दोन डॉक्टरांनी काय करायला हवं होतं याचा विषय कोणी काढत नाही.

स्वमग्न म्हणे

मुलगी शहापूरला दिलेली आहे, तिथेच शाळेत शिकवते. तिची मुलगी, माझी नात, सहा वर्षांची. कान झाकून घेते, भाताला वरण लागलं तर ताट ढकलते, हाक मारली तर बघत नाही. तिला दाखवायला महिन्यातून एकदा ठाण्याहून शहापूरला येणाऱ्या, लहान मुलांची वाढ आणि वागणं तपासणाऱ्या मॅडमकडे नेलं, तेव्हा मीही बरोबर होते. मॅडम तासभर प्रश्न विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, घरात आणखी कुणी असं आहे का? मुलगी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी तेव्हा कोपऱ्यात बसून, नातीने पसरलेले लाकडी ठोकळे लहानमोठे लावून ठेवत होते.

पुढे माझ्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत मॅडम म्हणाल्या की तुम्हालाही ऑटिझम आहे, जन्मापासून. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात.

लोकांना असं कळल्यावर रडू येतं म्हणे, किंवा हलकं वाटतं. मला राग आला. पहिला राग त्या शब्दाचा. स्वतःत मग्न? मी? पंधरा गावांच्या बायकांच्या पाठी मला पाठ आहेत, आणि मी स्वतःत मग्न! तो डॉक्टर माझ्या तोंडाकडे न बघता कागदावर लिहीत होता, तो कशात मग्न होता? हे मी मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, शब्द चुकीचाच आहे. मग मला दुसरा राग आला, तो सगळ्या वर्षांचा. आईच्या माराचा, शिष्ट म्हणणाऱ्यांचा, बाळंतपणात ‘ही बघा कशी दगडासारखी पडलीय’ म्हणणाऱ्या सुईणीचा. घरी येऊन दोन दिवस मी मशीनला हात लावला नाही.

मॅडमनी एक गोष्ट नीट समजावली. माझ्यासारख्या बायकांचं दुखणं चेहऱ्यावर दिसेलच असं नाही, आणि प्रश्न जसा विचारला तसंच आम्ही उत्तर देतो. असं त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. तो कागद मी पर्समध्ये ठेवते. ज्यांना हे लागू असेल त्यांनी असा कागद करून घ्या. एवढा एकच उपयोगाचा सल्ला माझ्याकडे आहे.

खोडायचा शब्द

कल्याणच्या सर्जनबाईंनी घरी सोडताना बजावलं होतं की पित्ताच्या नळीत एखादा खडा राहिलेला असू शकतो. पुन्हा तशी कळ आली आणि ताप चढला तर कल्याणची वाट बघू नका, जवळ जे हॉस्पिटल असेल तिथे ताबडतोब जा. आम्हाला जवळचं म्हणजे मुरबाडचं तेच. आणि तिथे तीच फाईल.

मुलीने ती फाईल मला वाचून दाखवली. पहिल्या पानावर शेवटी एक शब्द होता, खाली रेघ मारलेला. फंक्शनल. त्याचा अर्थ तिने सांगितला. शरीरात काही नाही, सगळं मनाचं. तो तरुण डॉक्टर हेच वाचून लाडात आला होता. पुढच्या वेळी मी पिवळी होऊन गेले तरी आधी हा शब्द वाचतील आणि मग मला. आणि पुढच्या वेळी जीपच्या मागच्या सीटवरून मी कल्याणला जिवंत पोचेनच असं नाही. म्हणजे तो शब्द मला जिवंत ठेवणार नव्हता. दुसरी कुणी असती तर फाईल चुलीत घालून मोकळी झाली असती. पण जुने कागद आहेत का असं विचारलं की माझ्या तोंडून आहेत असंच येणार. शिवाय त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तो होताच.

मी गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, तो शब्द खोडा. कल्याणचे कागद पुढे ठेवले. त्यांनी ते उलटसुलट केले.

“रेकॉर्ड बदलता येत नाही, ताई,” ते म्हणाले. “आणि तुम्हीच म्हणाला होतात, सहन होतंय.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझंच उत्तर माझ्या तोंडावर मारलं. मी बाहेर आले, बाजारातून पांढरं सुती कापड आणि लाल दोरा घेतला आणि घरी आले.

पांढरा ब्लाऊज शिवला. पाठ मुद्दाम बंद ठेवली, गळा वर घेतला. आणि पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत साखळी टाक्याने लाल अक्षरांत भरलं: फंक्शनल. मराठीतच भरलं, सगळ्यांना वाचता यावं म्हणून. माझ्या हातून इतकं सफाईदार भरतकाम आधी कधी झालं नव्हतं. पदराच्या बारीक निऱ्या करून पिनेने खांद्यावर घट्ट लावला, म्हणजे पाठ उघडी राहते. आणि सोमवारी सकाळी दहाला जाऊन त्या दवाखान्यात पहिल्या बाकावर, डॉक्टरांच्या दाराकडे तोंड आणि सगळ्या पेशंटांकडे पाठ करून बसले.

पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, बाय, ही कुठली कंपनी? तिने विचारलं तेवढंच मी सांगितलं. कंपनी नाय. माझं पित्ताशय सडत होतं, मी इथे तीनदा आले, आणि इथल्या डॉक्टरांनी माझ्या कागदावर हा शब्द लिहिला. याचा अर्थ मनाचं दुखणं. तिने शेजारणीला सांगितलं. मला वेगळं काही करावंच लागलं नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, अपॉइंटमेंट नसेल तर बसता येणार नाही. मी अपॉइंटमेंट घेतली, रक्तदाब मोजायची. ती संपली की पुढच्या सोमवारची घ्यायची.

सोपं नव्हतं ते. टीव्ही, ट्यूबलाईट, फिनेल, सगळं होतंच. कानात कापूस घालून बसायचे. दुपारी घरी आले की अंधार करून संध्याकाळपर्यंत पडून राहायचे, कुणी हाक मारली तरी तोंडातून शब्द निघायचा नाही. हे म्हणाले, पॅसेंजर विचारतात, ती पाठीवर लिहिलेली बाई तुमची काय? मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत? म्हणाले, माझीच हाय, सांगितलं. त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी जीप दवाखान्याच्या दारातच लावली.

सहाव्या सोमवारी दोन बायका माझी पाठ वाचून, माझ्याशी बोलून, नंबर सोडून उठून गेल्या. दहा मिनिटांत मला आत बोलावलं.

डॉक्टर थकलेले दिसत होते, असं हे नंतर म्हणाले. मला कळलं नाही. त्यांनी विचारलं, काय पाहिजे तुम्हाला? मी म्हणाले, पहिल्या दिवशी सांगितलं तेच. ते म्हणाले, झाल्या प्रकाराचं मला वाईट वाटतं. मी म्हणाले, ते मी मागितलेलं नाही.

मग त्यांनी पेन काढलं. शब्दावर आडवी रेघ मारली. मी सांगितलं, खाली मराठीत लिहा, मला वाचता यायला हवं. आणि मी सांगत गेले, ते लिहीत गेले: हे निदान चुकीचं होतं. या बाईंचं दुखणं चेहऱ्यावर दिसत नाही. सहन होतंय म्हणाल्या तरी लगेच सोनोग्राफी करावी. ‘दुखणं’वरचा अनुस्वार राहिला होता, तो द्यायला लावला. सही घेतली. काउंटरवरच्या मुलीला आत बोलावून कॉम्प्युटरमध्ये तेच टाकायला लावलं आणि छापलेला कागद हातात येईपर्यंत उठले नाही. दारात हे उभे होते, त्यांनी तो एकदा मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर बसलेल्यांनीही ऐकला.

मी फाईल पिशवीत घातली. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “आता मनात राग नाही ना, मावशी?”

“आहे,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत थांबले. लोक असं विचारतात तेव्हा पुढे ‘पण जाऊ दे आता’ असं म्हणायचं असतं, हे मला माहीत आहे. मी म्हटलं नाही.